लस घ्या, वाण न्या

भोंगा लावलेला ऑटो राजापेठेतल्या आमच्या गल्लीत शिरला, तेव्हा मी एका काळ्या साडीला फॉल लावत बसले होते. संक्रांत तोंडावर आली की माझं दुकान काळंभोर होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पिकोची मशीन, एक पाट, भिंतीला फॉलच्या गड्ड्या आणि दारात एक प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवर गिऱ्हाइकापेक्षा माझी सासूच जास्त बसते. शेजारच्या तेवढ्याच जागेत एक मुसलमान बाई ब्लाऊज शिवते. सगळी गल्ली तिला आपा म्हणते. माझ्याहून लहान आहे, तरी मीही आपाच म्हणते. साडी माझ्याकडे आणि ब्लाऊजचं कापड तिच्याकडे, असा आमचा कैक वर्षांचा कारभार आहे.

ऑटोतला माणूस घसा फोडून सांगत होता, "लस घ्या, वाण न्या! पहिला डोस असो का दुसरा, एकदम फुकट! वरून सगळ्या माय-बहिणींना संक्रांतीचं वाण, माणसांना एलईडी बल्ब! शाळेच्या पटांगणात, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी!"

मी दातानं धागा तोडला आणि एक शिवी हासडली. कोणाला ते नक्की सांगता येणार नाही. भोंग्याला असेल, बल्बला असेल, नाहीतर त्या फुकट शब्दाला.

त्याआधीचा उन्हाळा मी विसरलेले नव्हते. पंचेचाळीसच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा माझे यजमान पहाटेच केंद्रावर जाऊन रांगेत चपला ठेवून यायचे. आमच्याकडे रांगेत माणूस नसला तरी त्याची चप्पल चालते, कोणी हलवत नाही. उन्हं वर आली की चपलेच्या जागी स्वतः उभे राहायचे. नंबर जवळ यायचा आणि आतून कोणीतरी येऊन फाटकावर पुठ्ठा लटकवायचं, आज साठा संपला. ते घरी यायचे, चपलांची धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "उद्या." एका ट्यूशन क्लासचं ऑफिस सांभाळायचे ते. क्लासला कुलूप होतं, त्यामुळे उद्या म्हणायला वेळच वेळ होता. मग एक दिवस ताप आला. लशीच्या रांगेत त्यांचा नंबर लागला नाही. दवाखान्यातल्या खाटेच्या रांगेत लागला, तोही उशिरा.

आणि आता हिवाळ्यात तीच लस हातात बल्ब घेऊन आमच्या दारात आली होती. कुठे तेलाची पिशवी देत होते, कुठे सोडतीत टीव्ही. दुसरीकडे धाकही होताच. लस नसेल तर पेट्रोल मिळणार नाही, रेशन मिळणार नाही, असं काय काय कानावर यायचं. एका हातानं गूळ दाखवायचा आणि दुसऱ्या हातानं कान धरायचा. लशीवर माझा राग नव्हता. ती चांगलीच होती, म्हणून तर माझा माणूस तिच्यासाठी उजाडायच्या आत उठत होता. राग याचा होता, की आम्ही मागत होतो तेव्हा फाटकावर पुठ्ठा होता, आणि आता एका वाटीसाठी आम्ही धावत येऊ असं कोणीतरी धरून चाललं होतं.

माझा पहिला डोस अकोल्याला झाला. दसऱ्याला माहेरी गेले होते, जुन्या शहरात. माझं तोंड बघून भाऊ म्हणाला, "चाल, पुलापलीकडे देऊन राहिले, गर्दी नाई." मोर्णा नदीचा पूल ओलांडून गेलो. खरंच गर्दी नव्हती. ज्यासाठी माणूस गेला ती वस्तू रिकाम्या खोलीत, पंख्याखाली, कोणीही या आणि घ्या अशी ठेवली होती. सुई टोचताना मी ढसाढसा रडले. नर्स म्हणाली, "एवढी मोठी बाई, अन् सुईले भेता?" मी म्हटलं, "हो, भेतो." दुसरं काय सांगणार होते?

तर माझा दुसरा डोस व्हायचा होता. खरी अडचण सासूची होती. सत्तरी ओलांडलेली, साखर वाढलेली, जिना चढली की छातीचा भाता व्हायचा. डॉक्टर दर खेपेला बजावायचे की आजींना आधी लस द्या. तिसरी लाट आली आली असं पुन्हा सुरू झालं होतं. आणि सासू दंड उघडायला तयार नव्हती. घरोघरी फिरणाऱ्या बाया यायच्या, त्यांना ती चहा पाजायची आणि वाटेला लावायची. मी भांडले, रडले, अबोला धरला. तिचं एकच उत्तर.

"माह्या लेकाले नाई भेटली, थे मी कायले घेऊ?"

ती रडून बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती तांदूळ निवडता निवडता, भाव सांगावा तसं सांगायची. मला आतून सगळं समजत होतं, आणि तरीही मला तिचा भयंकर राग यायचा. घरात आम्ही दोघीच उरलो होतो. तिलाही काही झालं असतं तर त्या जिन्याखाली मी कोणाच्या खुर्चीकडे बघत मशीन चालवली असती?

तर तो ऑटो. सासू खुर्चीवर बसून तीळ निवडत होती. भोंगा लांब गेल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणते वो थो?"

"लस घेतली त वाण देऊन राहिले."

"सगळ्या बायांले?"

"असं त म्हणते."

ती पुन्हा तिळात बोट फिरवत बसली. मीही फॉलकडे वळले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मंग मी येतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी माझं डोकं फिरलं. डॉक्टरचं सांगून झालं, माझं पाया पडून झालं, आणि आता स्टीलच्या एका वाटीसाठी ही निघाली! खोटं कशाला बोलू, मला तिची लाज वाटली. घरात वाट्या काय कमी होत्या? "आई, तुम्हाले वाटी पायजे होती त मी आणून दिली असती," मी म्हटलं. ती म्हणाली, "तू आणलेली वाटी आन् वाण एकच हाये काय?"

हे मात्र खरं होतं. सासरे गेले तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या हातात कोणी वाण ठेवलं नव्हतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीतल्या बाया घरोघरी हळदीकुंकवाला जायच्या आणि ती आमच्या दारात बसून त्यांच्या साड्या बघायची. मी घरी आले की पिशवी उघडायची, कोणी काय लुटलं ते बघायची, एखादी गाळणी निघाली तर तारेचा घट्टपणा तपासायची. आदल्या वर्षीपर्यंत हे असंच चाललं होतं. त्या वर्षी मात्र मलाही बोलावणं आलं नाही. कोणी मुद्दाम टाळलं असंही नाही. बोलावताना माझ्या दारापाशी पाय आपोआप पुढे गेले असतील. साड्या मात्र येत होत्या. "वहिनी, हळदीकुंकू आहे, उद्यापर्यंत फॉल लावून द्या हं." मी लावून देत होते.

मग मी ठरवलं, जाऊ दे. वाटीसाठी तर वाटीसाठी. सुई तिच्या दंडात जाण्याशी मतलब. लालूच दाखवणाऱ्याची लालूच आपल्या कामी येत असेल तर आपण कशाला रुसायचं?

त्या रविवारी सासूनं ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं. आम्ही निघालो. शाळेच्या पटांगणात मांडव होता, दारात रांगोळी होती, तिळगुळाचा वास येत होता आणि त्यात कुठूनतरी स्पिरिटचा वास मिसळला होता. दोन रांगा. एक माणसांची, तिच्या टोकाला बल्बची खोकी. दुसरी बायांची. बायांच्या टोकाला आधी नर्सची खुर्ची, मग हळदीकुंकवाचं ताट, अत्तरदाणी, आणि चकचकीत वाट्यांची चळत. टोचून झालं की मांडवात अर्धा तास बसायचं, तिथेच तिळगूळ खायचा. व्यवस्था खरोखर देखणी होती. मला हसूही आलं. सरकारला इतक्या महिन्यांत सुचलं नाही ते आमच्या मंडळाच्या बायांनी करून दाखवलं होतं.

वाण लुटत होती ती आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. चार घरं सोडून राहते. वाईट बाई नाही. माझे यजमान गेले तेव्हा सगळी गल्ली दारं लावून बसली होती, आणि हिनं सुतक संपेपर्यंत आमच्या पायरीवर डबा ठेवला. हे मी तेव्हाही विसरले नव्हते आणि आजही विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

रांगेत आमच्या पुढे आपा होती. तिनं बुरख्याची बाही वर करून सुई घेतली, चेहरा वाकडा केला आणि पुढे सरकली. अध्यक्षीणबाईंनी कुंकवात बोट बुडवलं, मग बुरखा बघून थांबल्या. "तुमच्यात नसते ना, राहू द्या. हे घ्या." असं म्हणून हसतमुखानं वाटी दिली, वर तिळगूळही दिला. आपानं दुवा दिली आणि बाजूला उभी राहिली. किती सरळ झालं ते! मला बरं वाटलं.

मग आमचा नंबर आला. अध्यक्षीणबाईंनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुष्टपणा नव्हता. लग्नाच्या पंगतीत पानं कमी पडली की यजमानाचा चेहरा होतो ना, तसं काहीतरी. आम्ही येऊ हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आख्ख्या मंडळाच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्या वर्षी गल्लोगल्ली बायांची कपाळं रिकामी झाली, त्याच वर्षी त्यांनी लशीचं हळदीकुंकू केलं, सगळ्या बायांना या म्हणून भोंगा फिरवला, आणि सगळ्यांमध्ये आम्हीही येतो हे एकीलाही सुचलं नाही.

अध्यक्षीणबाई टेबलावरून वाकून हळूच म्हणाल्या, "काकू, वहिनी, तुमी दोघी त्या लायनीत लागता काय? तिकडे गर्दी कमी हाये. लस तीच हाये. बल्बबी भेटून राहिला."

"ती माणसांची लाइन आहे," मी म्हटलं.

"हो ना, पण लस त तीच हाये ना वहिनी."

बायांच्या रांगेतून काढून माणसांच्या रांगेत! नवरा मेला म्हणून मी माणूस झाले होते की काय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासू माझ्या बाजूनं पुढे गेली आणि नर्सच्या खुर्चीवर जाऊन बसली. नर्सनं सवयीनं सुई भरली. म्हणाली, "आजी, दंड मोकळा करा."

सासूनं उलट पदर दंडाभोवती घट्ट ओढून घेतला. "आधी वाण."

"आधी सुई असते आजी. बाटली उघडली हाये माही, वेळेत संपवा लागते."

"आधी वाण, मंग सुई."

रांगेत हसू पिकलं. मागून कोणीतरी म्हणालं, "द्या ना बाप्पा म्हातारीले एक वाटी!" अध्यक्षीणबाईंचे कान लाल झाले. त्या सासूच्या जवळ येऊन पुटपुटल्या, "काकू, मी सांजच्याले घरी आणून देतो ना. दोन देतो. इथे सगळ्यांसमोर कायले? रिवाज असते, मी काय करू?"

आपा तिथंच उभी होती. तिनं आपली वाटी सासूच्या मांडीवर ठेवली. "माँजी, ये रख लो. मेरेकू क्या करना."

सासूनं वाटी उचलून तिच्या हातात परत दिली. "तुहं तुले, माय. तुले मानानं देल्लं." मग अध्यक्षीणबाईंकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "आन् मले नको वो. मले सवय नाई राहिली. हिले दे." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "मागच्या साली हिले तूच घरी बलावलं, तूच कुकू लावलं. औंदा हिले काय झालं? हात मोडला का पाय मोडला? भोंगा म्हणे सगळ्या बायांले. हे बाई नाई काय?"

मला त्या क्षणी कळलं की ही वाटीसाठी आलीच नव्हती. तिळात बोट फिरवत ती एवढा वेळ काय हिशेब करत होती तेही कळलं. मी इतके दिवस तिची लाज वाटून घेत होते. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला, कारण रडायची ही वेळ नव्हती. बोलायची होती.

मी बोलले. मोठ्यानं बोलले, आणि मास्क खाली करून बोलले, नियम मोडला तर मोडला. "ताई, तुमच्या अंगावरच्या साडीचा फॉल कोणी लावला? मी लावला. परवा लावला. ही मागे हिरव्या काठाची उभी आहे, तिचाही मीच. ती खांबाजवळची, तिचा पिको माझा, गोंडेही माझेच. या मांडवात जेवढ्या काळ्या साड्या आहेत त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेल्या. माझा नवरा गेल्यावर गेल्या. तेव्हा कोणाला अपशकुन झाला नाही? माझ्या हातचा काठ तुमच्या टाचेशी चालतो, आणि तुमच्या हातची हळद माझ्या कपाळाला चालत नाही?"

आणि मग एक गोष्ट झाली जी मी मरेपर्यंत विसरणार नाही. रांगेतल्या बाया एकेक करून खाली बघू लागल्या. लाजेनं असेल, पण नुसती लाज नव्हती. आपापल्या साडीचा काठ बघत होत्या. हिरव्या काठाचीनं तर वाकून निऱ्या उचलून टाका बघितला.

"आपाले कुंकवाबिगर वाण चालते," मी म्हटलं, आता माझी भाषाही घरची झाली होती, "त आमाले कावून नाई?"

नर्सनं घड्याळ बघितलं. "बायांनो, काय करायचं थे लवकर करा. औषध वाया जाईन."

अध्यक्षीणबाईंनी एक वाटी उचलली. तिळगूळ घातला आणि माझ्या पुढे धरली. मी हात पुढे केला नाही. सासू खुर्चीतून म्हणाली, "असंच? कोरडं?" अध्यक्षीणबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या डाव्या हातात ताट होतं, उजव्या हातात वाटी, आणि त्यांना दोन्हींचं काय करावं ते सुचत नव्हतं.

सासूनंच ते सोडवलं. खुर्चीवरून न उठता तिनं ताट आपल्याकडे ओढलं, हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात, आणि मला म्हणाली, "वाक." मी वाकले. तिनं माझ्या कपाळाला, माझ्या छोट्या काळ्या टिकलीच्या वर, आधी हळद लावली आणि मग कुंकू. तिचं बोट खरखरीत आणि गार होतं. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. अध्यक्षीणबाईंनी ताट मागे ओढलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. उलट, त्यांनी ते खाली सासूच्या उंचीला धरलं. मग वाटी माझ्या ओंजळीत ठेवली.

मला कुंकवाची भूक होती असं कोणी समजू नये. त्या लाल बोटावाचून माझं काही अडत नव्हतं, आजही अडत नाही. मला कोणी दया म्हणून लावलं असतं तर मी तिथल्या तिथं पुसलं असतं. पण ते तिनं लावलं होतं. ज्या बाईच्या कपाळाला इतकी वर्षं कोणाचं बोट लागलं नव्हतं, तिनं आपल्या बोटानं लावलं होतं. ते मी घामानं उतरेपर्यंत पुसलं नाही.

"आता टोच," सासू नर्सला म्हणाली आणि दंडावरचा पदर काढला. सुई गेली तेव्हा तिनं डोळेही मिटले नाहीत. मागोमाग मीही खुर्चीत बसले आणि माझाही दुसरा डोस झाला. निघताना अध्यक्षीणबाईंनी दुसरी वाटी सासूच्या पदरात टाकली. सासूनं ती तळाकडून उलटी करून बघितली, नखानं वाजवली आणि पदराला गाठ मारली.

मग नियमाप्रमाणे अर्धा तास मांडवात बसलो. आजूबाजूला काळ्या साड्या. काही बाया माझ्याशी मुद्दाम बोलल्या, काहींनी मुद्दाम पाठ केली. हिरव्या काठाची जवळ येऊन म्हणाली की दुसरी एक साडी टाकायची आहे. आपा आमच्या शेजारी बसून तिळगूळ चघळत होती.

मी सासूला विचारलं, "आई, मंग तुमच्या लेकाले नाई भेटली म्हणून घ्यायची नव्हती ना?"

तिनं दंड चोळला. "लेकाले नाई भेटली थे त नाई भेटली. मी नाई घेतली म्हणून त्याले भेटनार हाये काय? पण त्याच्या बायकोले लोक बाईत धरनं बंद करतीन, आन् मी घरात तांदूळ निवडत बसन काय?" मग म्हणाली, "थो असता त त्यानं बल्बवाल्याचं टेबल उलटं केलं असतं."

हे खोटं होतं. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कोणाचं टेबल उलटं केलं नव्हतं. तो रांगेत चपला ठेवून येणारा माणूस होता. पण मी तिला अडवलं नाही.

त्यानंतर गल्लीत आमच्याबद्दल बोललं गेलं. सासूनं सुनेला कुंकू लावलं, आता काय काय बघावं लागणार, वगैरे. एकदोन गिऱ्हाइकं तुटली. त्यांनी फॉल दुसरीकडे लावून घेतला, आणि वाकडा लावून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अध्यक्षीणबाई बरेच दिवस रस्त्याच्या पलीकडून जायच्या. मग एक दिवस गोंडे करायला साडी घेऊन आल्या, आणि सासूनं त्यांना खुर्ची दिली.

मला घोर लागला होता तो वेगळाच. सासूचा दुसरा डोस उन्हाळ्यात येणार होता. तोपर्यंत मांडव उठले, भोंगे बंद झाले, बल्ब आणि तेल संपलं. लाट ओसरल्यावर कोणाला कोणाची मनधरणी करायची गरज उरली नाही. यजमानांचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतर सासू पुन्हा गप्प गप्प झाली होती. मला वाटलं, आता ही येणार नाही. मेसेज आला तो मी तिला वाचून दाखवला आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी केली.

ती उठली आणि तिनं जांभळं लुगडं काढलं.

केंद्र तेच होतं, ज्याच्या फाटकावर पुठ्ठा लटकायचा. पुठ्ठ्याची सुतळी अजून फाटकाला तशीच होती. वऱ्हाडातलं ऊन, पंखा गरम हवा फेकत होता, आणि खोलीत आम्ही सोडून कोणी नव्हतं. सासू फाटकापाशी थांबली. खाली वाकली, पायातल्या चपला काढल्या, आणि जिथं रांग असायची तिथं भिंतीला लावून नीट जोडून ठेवल्या. रांग नव्हतीच. ती तापलेल्या फरशीवरून अनवाणी आत गेली.

आत शाळेच्या मांडवातलीच नर्स होती. तिनं सासूला लगेच ओळखलं आणि हसू दाबत म्हणाली, "आजी, आता इथं वाण-गिन काई नाई बरं का."

सासू खुर्चीवर बसली आणि दंडावरचा पदर काढला.

"वाण पोचलं माह्या घरी," ती म्हणाली. "तू टोच."